तिखाडीचे तेल आणि मुंबईची गंधपेढी : नाव व वारसा यांसंबंधी काही विचार

एखाद्या जुन्या घराण्याने स्थापन केलेल्या सुगंधद्रव्यांच्या पेढीचा वारसा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कापडगिरणीचा किंवा छापखान्याचा इतिहास लिहिताना यंत्रे, इमारती, हिशेबाच्या वह्या आणि तयार माल ही साधने समोर असतात. सुगंधाच्या बाबतीत मात्र तयार माल हवेत विरून जातो. मागे राहते ते नाव, बाटली, वेष्टन आणि घराण्याची कीर्ती. त्यामुळे अशा पेढ्यांचे इतिहास बहुधा नावांचे इतिहास होऊन बसतात. द्रव्य कोठून आले, ते कोणी गाळले आणि कोणत्या वाटेने आले, हे भाग मागे पडतात. जी पेढी स्वतःच्या नावाने माल विकते तिच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु ज्या प्रदेशाचे द्रव्य दुसऱ्याच्या नावाने विकले गेले, आणि ज्या पेढीचा माल दुसऱ्याच्या वेष्टनात गेला, त्यांच्या बाबतीत नावाच्या मागे जाणारा इतिहास रिकाम्या हाताने परततो. महाराष्ट्राच्या गंधव्यवसायाची स्थिती नेमकी अशी आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

तुलनेसाठी स्पेनमधील एक उदाहरण उपयोगी पडेल. बार्सिलोना येथे १९१६ मध्ये एस्तेवे मोनेगाल या शिल्पकाराने ‘मिरुर्जिया’ ही पेढी स्थापन केली. १९१८ च्या सुमारास तिने ‘मादेरास दे ओरिएन्ते’, म्हणजे ‘पूर्वेकडील काष्ठे’, हे सुगंध बाजारात आणले. बाटली, वेष्टन आणि जाहिरातीची चित्रे यांकडे संस्थापकाने शिल्पकाराच्या नजरेने पाहिले. १९२८ ते १९३० या काळात आंतोनी पुइग इ गायराल्त या वास्तुविशारदाने पेढीसाठी बांधलेली कारखान्याची इमारत बार्सिलोनाच्या आधुनिक वास्तुकलेत गणली जाते. २००० साली ही पेढी त्याच शहरातील, १९१४ मध्ये आंतोनियो पुइग यांनी स्थापन केलेल्या ‘पुइग’ या दुसऱ्या घराण्याच्या पेढीकडे गेली. मालकी बदलली, तरी नाव, चित्रे व इमारत ही वारशाची दृश्य अंगे टिकून राहिली. मात्र ‘पूर्वेकडील काष्ठे’ या नावातील ‘पूर्व’ हा कोणताही प्रत्यक्ष प्रदेश नव्हे. ती ग्राहकाच्या मनातील एक कल्पना होती. प्रत्यक्ष पूर्वेकडून युरोपच्या गंधबाजारात जे द्रव्य जात होते, त्यावर त्याच्या प्रदेशाचे नाव क्वचितच असे. वऱ्हाड-खानदेशातील तिखाडीचे तेल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

(१) गवताचा प्रदेश

बुलढाण्याहून औरंगाबादकडे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणाऱ्या वाटेवर बुलढाणा तालुक्याच्या टोकाशी धाड हे गाव आहे. वऱ्हाडचे पूर्वीपासून दोन भाग मानले जातात : पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पाईनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बालाघाट. धाड या दुसऱ्या भागात मोडते. गावाच्या पुढे थोड्याच अंतरावर जुन्या निजामी मुलखाची हद्द लागे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडण्यात आला आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत ही हद्द कायम राहिली.

अजिंठा आणि सातपुडा या दोन रांगांच्या कोरड्या, उघड्या उतारांवर, खानदेशापासून निमाड व मेळघाटापर्यंत, एक उंच सुवासिक गवत उगवते. मराठीत त्याला तिखाडी किंवा रोशा म्हणतात. संस्कृत निघंटूंतील ‘रोहिष’ तो हाच मानला जातो. त्याचे दोन प्रकार तेल गाळणारांना चांगले माहीत होते. कोरड्या, उन्हाच्या उतारावरील गवताला ते ‘मोतिया’ म्हणत आणि अधिक ओलसर, सावलीच्या जागेतील गवताला ‘सोफिया’. दिसण्यात दोन्ही जवळजवळ सारखी. परंतु मोतियाच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो व त्याला चांगला भाव मिळतो, तर सोफियाचे तेल उग्र आणि हलके समजले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांना ज्या दोहोंत फरक करणे कठीण गेले, त्यांतील भेद भट्टीवरच्या माणसाने नाकाने ओळखला होता.

या गवताचे शास्त्रीय नाव मात्र त्याच्या प्रदेशावरून पडले नाही. टिपू सुलतानाशी १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात जनरल क्लॉड मार्टिन या फ्रेंच वंशाच्या अधिकाऱ्याने दक्षिणेतील उंच मुलखातून याचे बी नेले आणि लखनौ येथे लावले. पुढे विल्यम रॉक्सबर्ग याने या गवताचे वर्णन करताना त्याला मार्टिनचे नाव दिले; ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’ या आजच्या नावात ते टिकून आहे. गवताचे हे पहिले नामांतर होय. पुढची नामांतरे बाजाराने केली.

(२) भट्टी

तेल गाळण्याची रीत साधी, परंतु कसबाची होती. पावसाळ्याच्या अखेरीस गवत फुलावर आले की कापणी सुरू होई, कारण तेलाचा मोठा अंश फुलोऱ्यात असतो. कापणी लवकर झाली तर तेल कमी पडते, आणि उशीर झाला तर ते उडून जाते व त्याचा दर्जा घसरतो. भट्टी डोंगरातील वाहत्या ओढ्याच्या काठी मांडीत, कारण लाकूड, गवत आणि थंड पाणी तेथे एकत्र मिळे. लोखंडी हंड्यात गवत दाबून भरायचे, वर पाणी घालायचे, लाकडी झाकण बसवून कडा पिठाने लिंपायच्या आणि झाकणातून पोकळ बांबूची नळी काढून ती ओढ्याच्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची. वाफ नळीतून जाऊन थंड होई आणि पाण्यावर तेल तरंगे. शंभर किलोग्रॅम ओल्या गवतापासून जेमतेम अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास तेल निघते. या प्रमाणामुळेच गवत शहरात नेणे परवडत नसे. भट्टीलाच डोंगरात जावे लागे. हंगाम संपला की भट्टी मोडली जाई आणि ओढ्याकाठी राखेखेरीज काही उरत नसे. इमारतीत साठवता येईल असा वारसा या धंद्याने मागे ठेवला नाही, याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण राज्यकारभाराच्या विभागणीत आहे. गवताचा हा पट्टा निसर्गतः एक असला तरी तो चार कारभारांत वाटला गेला होता : खानदेश मुंबई इलाख्यात, निमाड मध्यप्रांतात, वऱ्हाड ‘हवाली जिल्ह्यां’त आणि डोंगराच्या दक्षिणेचा उतार हैदराबाद संस्थानात. त्यामुळे या व्यवसायाची माहिती जमीनमहसूल, जंगल आणि जकात या वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांत विखुरली. कन्नौजच्या अत्तराला किंवा म्हैसूरच्या चंदनतेलाला एक शहर किंवा एक संस्थान पाठीशी मिळाले, तसे तिखाडीच्या तेलाला मिळाले नाही. धाडसारखे हद्दीवरचे गाव या विभागणीची साक्ष देते : डोंगर तोच, गवत तेच, पण दोन बाजूंचे दप्तर निराळे.

(३) तेलाचा प्रवास आणि नावांची उलथापालथ

फ्ल्यूकिगर व हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ (१८७४) या ग्रंथात या तेलाचा व्यापार वर्णिलेला आहे. खानदेशातील पिंपळनेर हे गाळपाचे प्रमुख ठिकाण म्हणून तेथे नोंदले आहे. तेल मुंबईस येई, तेथून तांबड्या समुद्रावरील बंदरांत आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथील व्यापारी ते लिंबाच्या रसाने स्वच्छ करीत व उन्हात ठेवून त्याचा रंग फिका करीत. नंतर त्याचा उपयोग गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी होई. बल्गेरियातील कझानलिकच्या गुलाबखोऱ्यात हे तेल भट्टीत घालण्यापूर्वी पाकळ्यांवरच शिंपडले जाई. मग दोन्ही एकत्र गाळले गेल्याने भेसळ ओळखणे कठीण होई. शुद्ध गुलाबतेल सुमारे २० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि तिखाडीच्या मिश्रणाने हा अंक खाली येतो, यावरून परीक्षक भेसळ पकडू पाहत.

या प्रवासात तेलाची नावे बदलत गेली. निमाडातून निघालेले तेल काही काळ ‘निमाडचे गवती तेल’ म्हणून युरोपात परिचित होते. परंतु तुर्कस्तानमार्गे येणाऱ्या मालाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ हे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. वस्तुतः ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमशी त्याचा काही संबंधही नव्हता. वासात साम्य तेवढे होते. पुढे ‘पामरोझा’ हे नाव आले, त्यातही गुलाबच शिल्लक राहिला.

हा नामभ्रम केवळ बाजारापुरता राहिला असता तर त्याचे महत्त्व मर्यादित ठरले असते. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील या गवताच्या तेलापासून एक अल्कोहोल प्रथमच शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्या तेलाच्या प्रचलित नावावरून त्या द्रव्याचे नाव ‘जिरॅनिऑल’ असे पडले. गुलाब, सिट्रोनेला, जिरेनियम अशा अनेक तेलांत ते सापडते, आणि आधुनिक गंधरसायनातील अत्यंत मूलभूत द्रव्यांपैकी ते एक आहे. मोतियाच्या तेलात त्याचे प्रमाण बहुधा शेकडा ७५ हून अधिक असते. म्हणजे जे द्रव्य प्रथम डोंगरी गवतातून हाती आले, त्याला नाव मिळाले ते ज्या झाडाशी त्या गवताचा संबंध नाही त्याचे. बाजारातील एक चूक अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत कायम झाली. नावावरून उगम शोधणाऱ्या इतिहासकाराने या उदाहरणापासून सावध होणे इष्ट आहे.

(४) मराठीतील गंधविद्या

या प्रदेशाने जगाला केवळ कच्चा माल पुरविला, असा निष्कर्ष वरील वृत्तांतावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल. गंध सिद्ध करण्याची विद्या येथे जुनी आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील एका लेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नामक ‘गंधिका’च्या दानाची नोंद आहे. सुगंधद्रव्यांचा व्यापारी लेण्याच्या दारासाठी दान देण्याइतका संपन्न होता आणि आपल्या धंद्याचे नाव दगडावर कोरून घेण्यात त्याला भूषण वाटत होते, एवढे त्यावरून निश्चित होते. धाडपासून फार दूर नसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. ते उज्जयिनी व प्रतिष्ठान यांमधील व्यापारी मार्गावर होते, आणि उत्खननाने तेथील सातवाहनकालीन समृद्धी पुढे आणली. डोंगराचा हा भाग त्या काळच्या दळणवळणापासून तुटलेला नव्हता.

बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या गंधभोगांचे वर्णन आले. परंतु मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी केला. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे सुगंधविद्येवरील दोन संस्कृत ग्रंथ त्यांनी विद्वानांच्या नजरेस आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. पुढे १९८९ मध्ये हे ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. या टीकेचे महत्त्व असे, की मध्ययुगात गंधकृतीचे ज्ञान संस्कृत जाणणाऱ्या पंडितापुरते मर्यादित न राहता मराठीतून समजून घेणारा वाचक अस्तित्वात होता. द्रव्ये कोणत्या प्रमाणात घ्यावीत, कशी भावना द्यावी, धूप कसा द्यावा, हे प्रश्न त्याला पडत होते. पाककृतीप्रमाणे गंधकृतीही हाताने करून पाहण्याची विद्या आहे, आणि मराठी भाषेने तिला परिभाषा पुरविली होती.

(५) १९२२ ची पेढी

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती निराळी होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणाऱ्या रासायनिक मालाचा पुरवठा तुटला. स्वदेशीच्या चळवळीने देशी साबणाला ग्राहक मिळवून दिला. म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये चंदनतेलाचा कारखाना काढला, आणि मुंबईत गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण करण्यास प्रारंभ केला. साबण, उदबत्ती, केशतेल यांचे देशी कारखाने वाढू लागले तशी त्यांना वास पुरविणाऱ्या पेढीची गरज निर्माण झाली.

या पार्श्वभूमीवर १९२२ मध्ये मुंबईत ‘एस. एच. केळकर’ ही पेढी स्थापन झाली. १९५५ मध्ये तिला कंपनीचे स्वरूप आले. पेढीचे नाव केळकर राहिले, आणि पुढे तिची धुरा वझे घराण्याकडे आली. मुंबईच्या मंगळदास मार्गावरील कचेरी आणि मुलुंड येथील कारखाना ही तिची परिचित ठिकाणे होत. या घराण्याशी संबंधित केळकर शिक्षण संस्थेने १९८४ मध्ये मुलुंड येथे विनायक गणेश वझे यांच्या नावाने महाविद्यालय सुरू केले, आणि तेथे सुगंध व प्रसाधने या विषयाचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर देण्यात येऊ लागले. २०१५ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले आणि २०१८ मध्ये तिने इटलीतील एका गंधसंस्थेत भागीदारी घेतली.

अशा पेढीच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या वारशाचे स्वरूप कळत नाही. ती बाटलीत भरलेले अत्तर ग्राहकाला विकून नाव मिळवीत नाही. साबण, उदबत्ती, चूर्ण, तेल तयार करणाऱ्या कारखान्यांना सुगंधमिश्रणे पुरविते. एकेका मिश्रणात अनेक नैसर्गिक व रासायनिक द्रव्ये ठराविक प्रमाणात असतात आणि ते प्रमाण गुप्त राखले जाते. शिवाय प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. साबणातील क्षारामुळे काही सुगंधी द्रव्ये विघटित होतात. उदबत्तीत तो वास जळूनही ओळखीचा राहिला पाहिजे. जिरॅनिऑल हे साबणातही बऱ्यापैकी टिकते, म्हणून गुलाबाच्या वासाच्या साबणांत तिखाडीच्या तेलाला मान होता. गुलाबतेलाची किंमत साबणाला परवडणारी नव्हती. गवताच्या तेलाने गुलाबाचा वास सामान्य घरापर्यंत आणला. जी वस्तू कझानलिकला भेसळ ठरली, तीच येथे उघडपणे व योग्य जागी वापरली गेली असता उत्तम द्रव्य ठरली.

मात्र साबणाच्या कागदावर साबण करणाऱ्याचे नाव असते, वास रचणाऱ्याचे नसते. मिरुर्जिया व मुंबईची पेढी यांतील खरा भेद येथे आहे. दोन्ही घराण्यांनी उभारलेल्या, दोन्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील. परंतु एकीचा वारसा बाटलीवर आणि इमारतीवर लिहिलेला आहे. दुसरीचा वारसा कोट्यवधी लोकांच्या घ्राणस्मृतीत आहे आणि तेथे तिचे नाव नाही. एखाद्या पिढीला देवघर किंवा न्हाणीघर ज्या वासावरून आठवते, तो वास कोणी रचला हे त्या पिढीला ठाऊक नसते.

(६) निष्कर्ष

तिखाडीचा प्रवास आणि गंधपेढीचे कार्य यांत हे साम्य लक्षणीय आहे. गवताचे तेल तुर्की म्हणून विकले गेले, त्यातील द्रव्य जिरेनियमचे म्हणून ओळखले गेले आणि त्याचा वास गुलाबाचा म्हणून वापरला गेला. विसाव्या शतकात त्याच द्रव्याचे कृत्रिम उत्पादन टर्पेंटाइन व खनिज तेल यांपासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आणि रानातल्या भट्टीचे महत्त्व ओसरले. तरीही गवत संपलेले नाही. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने पामरोझाचे सुधारित वाण तयार केले आहेत, आणि ‘अरोमा मिशन’ या सरकारी योजनेत कोरडवाहू जमिनीसाठी त्याच्या लागवडीचा पुरस्कार केला जातो. विसाव्या शतकापर्यंत जे रान होते ते आता पीक होऊ पाहत आहे. पण त्याच्या पिशवीवर वऱ्हाडचे किंवा खानदेशचे नाव येईल की पुन्हा एखादे परके नाव, हा प्रश्न उरतोच.

त्याचबरोबर भांडवलाची दिशाही उलटसुलट होऊ लागली आहे. मुंबईची पेढी इटलीत गेली, तर बार्सिलोनाच्या पुइगने २०२२ मध्ये ‘कामा आयुर्वेद’ या भारतीय प्रसाधनसंस्थेतील बहुसंख्य भाग हाती घेतला. ‘पूर्व’ ही आता केवळ जाहिरातीतील कल्पना राहिलेली नाही. तिची परंपरा हा विकत घेण्याजोगा माल झाला आहे. अशा वेळी परंपरा कोणाची, हे ठरविण्याचा आधार केवळ नाव असेल तर नाव ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे परंपराही जाईल.

म्हणून या विषयाच्या अभ्यासाची दिशा बदलणे आवश्यक आहे. पेढीच्या स्थापनेपासून आरंभ करून आजच्या उलाढालीपर्यंत येणारा वृत्तांत हा इतिहासाचा एक भाग झाला. दुसरा भाग जंगलखात्याच्या गवतलिलावांत, रेल्वेच्या मालनोंदीत, मुंबई बंदराच्या निर्यातपत्रकांत आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांच्या दप्तरांत आहे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या लोहमार्गावरील मलकापूरसारखी स्थानके आणि वरच्या पठारावरील धाडसारखी गावे यांना एकत्र ठेवून ही कागदपत्रे वाचली, तर चार कारभारांनी तोडलेला गवताचा पट्टा पुन्हा एकसंध दिसू लागेल. तिसरा भाग ‘गंधवादा’च्या मराठी टीकेसारख्या ग्रंथांच्या शब्दसंग्रहात आहे. हे तिन्ही भाग जुळविल्यास सुगंधपेढीचा वारसा एका घराण्यापुरता राहत नाही. डोंगरात गवत कापणारा, ओढ्याकाठी भट्टी लावणारा, मोतिया व सोफिया नाकाने निवडणारा आणि प्रयोगशाळेत मिश्रण तोलणारा, हे सर्व त्याचे भागीदार ठरतात. घराण्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही; त्याला योग्य जागा मिळते. आणि ज्या तेलाला दीडशे वर्षे दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेले, त्याला निदान इतिहासाच्या पानावर तरी त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखता येते.